खांबाला वळसा घालणारा जयरान

"पडला! पुन्हा पडला!" भिंतीवर चढून बसलेला बायमुराद ओरडला.

मैदानातल्या धुळीतून तो उंच अमेरिकी सैनिक खोकत बाहेर आला. त्याचं नाव कुणालाच उच्चारता येईना, म्हणून पोरांनी त्याला 'लांब्या' करून टाकलं होतं. आमच्याकडच्या लाकडी खोगिरावर बसला की त्याचे गुडघे पार छातीला टेकायचे.

"हसतोस काय? घोडा आमचा आहे!" ओयगुल चिडून म्हणाली.

शाळेला सुट्टी होती. मास्तर डोंगरापलीकडे पळून गेले तेव्हापासून होती, आणि ती कधी संपणार हे कुणीच सांगत नव्हतं. बारा वर्षांची ओयगुल, तिचा चुलतभाऊ बायमुराद आणि सात वर्षांचा धाकटा भाऊ सोली दिवसभर या भिंतीवर बसून असायचे. हे मूठभर अमेरिकी आणि दरीतले आमचे उझबेक घोडेस्वार मिळून तालिबानवर चालून जाणार होते. त्यासाठी या घोडेस्वारांचे म्होरके, कोमांदान अशूर यांनी घरोघरचे घोडे नेले होते. घरचा घोडा जयरान, त्याला नेलं तेव्हा ओयगुलचे बाबा मोडका पाय घेऊन अंथरुणात होते. "न्या," एवढंच म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कोमांदान तरातरा मैदानात आले. "तीन दिवसांत चार वेळा! पाहुण्याची मान मोडली तर मी तोंड कुठे दाखवू? या घोड्याला जिनाने झपाटलंय. दुपारची नमाज झाली की गोळी घाला!"

ओयगुलने भिंतीवरून उडीच टाकली. "नको, कोमांदान साहेब! जयरान वेडा नाही हो!"

"पोरी, घरी जा. चुलीवर काहीतरी करपत असेल!"

सगळे हसले. एवढ्या बंदुकांपुढे ती काय करणार होती?

"आपा, वेडा घोडा परत कशाला येईल?" भिंतीवरून सोलीने बहिणीला विचारलं.

"म्हणजे?"

"तो पळतो, त्या खांबाला वळसा घालतो, आणि परत येतो. दर वेळी!"

मैदानाच्या टोकाला अमेरिकींनी रेडिओच्या तारेसाठी खांब रोवला होता. ओयगुल त्याच्याकडे बघतच राहिली. "बायमुराद, पडायच्या आधी लांब्या काय करत होता?"

"पिशवी उचलत होता. उतरायचा कंटाळा! उतरला की पुन्हा चढवायला दोन माणसं लागतात ना! बसल्या बसल्या वाकतो आणि ती जड पिशवी जमिनीवरून ओढून घेतो."

"चारही वेळा?"

"चारही वेळा!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बुझकशी!"

बाबा बुझकशी या घोड्यावरच्या खेळाचे नावाजलेले खेळाडू. खोगिरावरून वाकून वासराचं धड उचलायचं. वजन वर आलं की जयरानने उसळायचं, निशाणाला वळसा मारून परत यायचं. सहा वर्षं बाबांनी त्याला हेच शिकवलं होतं. बिचारा इमानाने खेळ जिंकत होता!

"सांगून कुणी ऐकणार नाही, दाखवावं लागेल. सोली, रड!" ओयगुल म्हणाली.

सोलीने असं भोकाड पसरलं की जयरानपाशी बसलेला पहारेकरी चहाचा पेला टाकून धावला. तेवढ्यात बायमुराद जयरानवर चढला. ओयगुलने जवाचं पोतं जमिनीवर टाकलं.

"ए पोरा! उतर खाली!" कुणीतरी बंदूक रोखली.

बायमुराद वाकला आणि रिकाम्या हाताने वर आला. जयरान ढिम्म. मग त्याने पोतं उचललं मात्र, जयरान सुटला! खांबाला वळसा घालून भन्नाट परत आला. पोतं धप्पकन कोमांदानांच्या पायांशी पडलं.

"जिन नाही, साहेब! बुझकशी आहे!" ओयगुल धापा टाकत म्हणाली.

मग हशा उसळला. दुभाष्याने सांगितल्यावर लांब्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. कोमांदानांनी ओयगुलच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास! आम्हा म्हाताऱ्यांना जे दिसलं नाही ते हिला दिसलं. असा घोडा तर उद्या लढाईत पहिल्या रांगेत हवा!"

ओयगुलचं हसू तिथेच विरलं.

ती घरी आली तेव्हा बाबा छताकडे बघत पडले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. टापांच्या आवाजावरून."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"वेडा म्हणून परत धाडतील असं वाटलं, गं."

"ते गोळी घालणार होते, बाबा!"

बाबांनी डोळे मिटले. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला. "मग बरोबर केलंस. शाबास, पोरी." तिला खूप रडू आलं.

सकाळी घोडे निघाले. लांब्या खाली उतरून पिशवी घेत होता. दोघांनी ढकलून त्याला वर चढवलं. पोरांकडे बघून त्याने हात हलवला. जयरान पहिल्या रांगेत, कान टवकारून उभा होता. मागून दोन माणसांनी मैदानातला खांब उपटला आणि खेचरावर बांधला.

"आपा," सोली हळूच म्हणाला, "खांब तर घेऊन चालले. मग जयरान परत कुठून वळणार?"

ओयगुलने त्याला जवळ ओढलं. धूळ खाली बसेपर्यंत तिघंही भिंतीवरून उतरले नाहीत.