कोटाचे तुकडे

सुमेधाने सुजयला पहिल्यांदा पाहिलं ते लाकडाच्या वखारीसमोर. आग नुकतीच विझली होती. अग्निशमन दलाचा तो उंच जवान धुरातून बाहेर आला, अडखळला... आणि रस्त्याने जाणाऱ्या सुमेधाने धावत जाऊन त्याचा दंड घट्ट धरला.

"आई गं!" तो कळवळला. "मॅडम, आगीत नाय भाजलो, तुम्ही भाजलंत!"

खरंच होतं ते. आगीत जाड कोट उष्णता साठवून ठेवतो, आणि बाहेर आल्यावर दाबला की तीच अंगावर सोडतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुमेधा हेच तर तपासत होती! ऐन वेळी शिकलेलं सगळं कुठे पळालं, देव जाणे.

तिने ओशाळून त्याला तसं सांगितलंही. दंडाला मलम लावून तो आठवड्याभरात तिच्या प्रयोगशाळेत हजर. हातात बाद झालेल्या कोटाचा तुकडा. "तपासा. पुढच्यांना तरी चटका नको."

मग दर सुट्टीला तो त्याच कोटाचा नवा तुकडा घेऊन येऊ लागला. ती कापड तापवायची, काढून उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर दाबायची. खिडकीतून मांडवी बंदरावरचा खारा वारा यायचा, आणि दोघं पडद्यावरचा आकडा बघत शेजारी उभी राहायची.

"अजून चढतोय..." तो हळूच म्हणायचा.

सुमेधा आकड्याकडे बघतच नसे. तो गेला की पुढच्या सुट्टीपर्यंत तिचं कशात मन लागत नसे.

आज मात्र शेवटचा दिवस होता. उद्या सकाळच्या एसटीने ती दापोलीला घरी निघणार होती. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते.

"एवढासा तुकडा?" ती कसंनुसं हसली. "हा यंत्रावर बसायचा कसा?"

सुजय कानापर्यंत लाल झाला. "मुद्दामच लहान कापत होतो. मोठे कापले असते तर... कोट लवकर संपला असता."

सुमेधाने तो तुकडा हातात घेतला. "मला तर सुरुवातीलाच उत्तर मिळालं होतं. नंतरचे तुकडे उगाच मागवले."

"उगाच?"

"तुम्ही यावं म्हणून—"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बंदरात बोटीला आग! तो दाराशी क्षणभर थबकला. "थांबाल?" आणि उत्तर न ऐकताच धावला.

बंबाची घंटा दूर दूर जात राहिली. सुमेधाने घरी फोन लावला.

"आई, पाहुण्यांना नको म्हणून कळव. मी उद्या येत नाही. आधी तो आगीतून परत येऊ दे."

"तो? तो कोण गं?"

"ज्याच्याशी मला लग्न करायचंय, तो," सुमेधा म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.