मिठाच्या पाण्यातली बुरशी

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझा विश्वास देवापेक्षा तराजूवर जास्त, म्हणून जे पाहिलं आणि मोजलं तेवढंच सांगते.

२००१च्या पावसाळ्यात बाबांना मेंदूज्वर झाला. बाबा म्हणजे लटारूभाऊ, अहेरीकडचे धानाचे शेतकरी. नागपूरला दवाखान्यात जीव वाचला, पण मेंदूची सूज काही उतरेना. मी त्यांना आणि आईला चंद्रपूरच्या ऊर्जानगरमधल्या माझ्या क्वार्टरमध्ये आणलं. बाबा खाटेवर पडून असत. मधूनमधून फिट यायची. मला ते ओळखत नव्हते. ज्या माणसाने मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, तो माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसा बघायचा. ते मला सहन होत नव्हतं.

माझे गुरू गफ्फार सर तेव्हा रत्नागिरीला समुद्रातल्या बुरशींवर काम करत होते. लाटांनी किनाऱ्यावर टाकलेल्या एका लाकडावर त्यांना काळसर बुरशी सापडली होती. तिच्या अर्काने उंदरांच्या मेंदूची सूज उतरत होती. माणसाला तो अर्क कुणीच दिला नव्हता. मी सरांकडून बुरशी मागवली, कशासाठी ते सांगितलं नाही. साध्या पाण्यात ती वाढेना. मीठ घातलं तशी तरारली. पुढच्या वर्षी मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली आणि मी बाबांना अर्काचे थेंब देऊ लागले. हे चूक होतं. तेव्हाही कळत होतं.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "उर्वे, चा दे वं." मी स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडले.

मग मंगळवारी सकाळी त्यांनी खाटेखाली सोडलेले पाय पटकन वर घेतले. "पाणी आलं," म्हणाले. फरशी ठणठणीत कोरडी होती. सात वाजून दहा मिनिटांनी पाय पुन्हा खाली सोडत म्हणाले, "आता उतरते." औषधाचा परिणाम असेल म्हणून मी वेळ लिहून ठेवली. बुधवारी ते हेच आठला म्हणाले. गुरुवारी आठ पन्नासला. रोज पन्नास मिनिटं उशिरा.

गुरुवारीच आईने मला हाक मारली. "यायचे पाय पाह्य वं. दिवसभर रोवणी केल्यावानी झाले."

पावलांपासून गुडघ्यापर्यंत कातडी पाण्यात उभं राहून धान लावल्यावर होते तशी पांढरीफटक आणि सुरकुतलेली होती. गुडघ्यावर एक सरळ रेघ, तिच्या वर सगळं कोरडं. शुक्रवारी रेघ कमरेला लागली होती.

"बाबा, कुठी हाय पाणी?"

"तुले दिसत नाई?" त्यांना माझंच नवल वाटलं. "रोज चढून राह्यलं. अन् खारट हाय वं, धानाले चालत नाई."

मी सरांना फोन केला आणि सगळं कबूल केलं. ते भयंकर चिडले. मी वेळा वाचून दाखवल्या तसं त्यांनी भरतीचं वेळापत्रक काढलं.

"ते लाकूड जिथे मिळालं ना, तिथल्या भरतीच्या वेळा आहेत या," ते म्हणाले. "रविवारी अमावास्या आहे. मोठं उधाण येईल. बंद कर ते औषध, उर्वशी."

मी बंद केलं. शनिवारी पाणी आलं नाही. कातडी वाळली, रेघ पुसली गेली.

रविवारी सकाळी सहाला बाबांना फिट आली. पाठोपाठ दुसरी. शेजारच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मान हलवली. नागपूरपर्यंत टिकतील असं त्यांना वाटत नव्हतं. बाबांचे डोळे उघडे होते, पण त्यात आम्ही कुणीच नव्हतो.

"दे ना थे औषध," आई म्हणाली. "असा जाऊ देतं का माणसाले? काऊन थांबून राह्यली?"

तिसरी फिट आली तेव्हा मी थेंब दिले.

दहापर्यंत फिट थांबल्या. बाबा उठून बसले. आईला ओळखलं, मला ओळखलं, बैलांना कडबा कोण घालतं ते विचारलं. मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली.

साडेदहाला रेघ छातीवर होती.

आम्ही खाटेखाली विटा लावल्या. काही फरक पडला नाही.

"उर्वे, तू खाली काऊन उभी हायेस?" बाबांनी माझा हात घट्ट धरला. "चढ ना खाटेवर."

मी चढले. त्यांना चिकटून बसले.

त्यांनी हनुवटी वर केली, ओठ मिटले आणि नाकाने सावकाश श्वास घेऊ लागले.

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. माझ्या हिशेबाने भरती पुरी व्हायला अजून वीस मिनिटं होती.