तिसरी रेघ

लाईट गेलीय तर बसा तसेच. ही गोष्ट तुडीलच्या मुनाफची. शाळेत माझ्या बाकावर होता, पुढे मालवाहू जहाजावर लागला. त्याला विचारलंत तर सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

समुद्रात जहाज कुठं आहे ते मुनाफ रेडिओवरून काढायचा. किनाऱ्यावरची रेडिओ-ठाणी टूं-टूं करत असतात. एकेकाची दिशा घ्यायची, नकाशावर रेघ मारायची. रेघा छेदतात तिथं जहाज. पण ठाणी लांब लांब निवडायची. शेजारशेजारची घेतली तर रेघा मिटलेल्या कात्रीसारख्या पडतात आणि जरा चुकलं की मैलांचा फरक. हे मला मुनाफनेच शिकवलेलं.

गावचाच मुसैब त्याच्या हाताखाली होता. त्या रात्री म्हणाला, "चाचा, तिसरं ठाणं बारीक येतंय, पण आडवं हाय. ते घ्या."

मुनाफने मोठ्या आवाजाची, शेजारशेजारची दोनच घेतली. मोठ्याने बोलेल त्याचं खरं, ही आपली जुनी खोड. जहाज खडकावर गेलं. मुसैब सापडला नाही. चूक झाकायला कंपनीने कागद केला, की दोन रेघा छेदतात तिथंच, उघड्या समुद्रात, वादळाने बुडालं. मुनाफने सही केली.

बारा डिसेंबर सत्त्याण्णव, शुक्रवार. मुसैबची आई नुरजहाँ, तिला पोराचं सामान द्यायला मुनाफ फाट्यावर उतरून चालत निघाला. पिशवीत कपडे, तो नकाशा आणि मुसैबचा ट्रान्झिस्टर. सेल काढलेला.

रात्री पावणेअकराला तो वाजला.

टूं... टूं...

बारीक. तेच ठाणं.

मुनाफ थांबला. आवाज थांबला. चालला... पुन्हा आला.

मागं बघितलं नाही त्यानं.

नुरजहाँ जागीच होती. म्हणाली, "सामान राहू दे. माझा पोर कुठं हाय तेवढं दाखव. त्या बाजूला बघून दुआ मागेन."

त्याने नकाशा उलगडला. त्याच्या दोन रेघा होत्या. आणि तिसरी... आडवी. थेट त्या खडकावरून.

बाईने बोट लावलं. "ही ओली हाय. कुणी मारली?"

...

मुनाफने तिचं बोट उचललं, दोन रेघांच्या छेदावर ठेवलं. "इथं, भाभी."

सही केली होती ना.

मरेपर्यंत ती माउली चुकीच्या पाण्याकडे बघत दुआ मागत राहिली. मुनाफला बढती मिळाली. मला अजून त्याची चीड येते. एकदाच सगळं सांगून नकाशा माझ्याकडे टाकून गेला तो. आठ वर्षं त्या कपाटात आहे. काढा, उघडा.

रेघ अजून ओली आहे.