रिकाम्या लिफ्टमधले बावीस किलो

चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, आणि आत लिफ्टच नव्हती. फरशीच्या पातळीवर होतं फक्त एका माणसाचं डोकं!

छोटी किंचाळणार, तेवढ्यात ते डोकं अगदी अदबीने म्हणालं, "घाबरू नका हं. आता मोठा आवाज होणार आहे. तीन मोजतो. एक... दोन... तीन."

खण्ण! झाला आवाज. मग डोक्यामागून खांदे आले, तेलाने माखलेले हात आले, आणि लिफ्टच्या टपावर उभा असलेला एक अख्खा तरुण दिसला. छोटीच्या जिवात जीव आला. पण तो जीव काही पूर्वीच्या जागी परत बसला नाही, हे तिला नंतर कळलं.

छोटी म्हणजे घरातली छोटी, वय चांगलं सत्तावीस. सकाळी दातांच्या दवाखान्यात नोकरी, दुपारपासून दादा. दादा स्वमग्न. मोजकं बोलायचा, आणि घड्याळ चुकेल पण दादा चुकणार नाही असा त्याचा दिनक्रम.

तक्रार तिनेच केली होती. नवी लिफ्ट बसवल्याला तीन आठवडे झाले होते, आणि तेव्हापासून रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती आपोआप चौथ्या मजल्यावर, छोटीच्या घरासमोर यायची. बटण कोणी दाबलेलं नसायचं. दार उघडायचं, आत कोणी नाही. बरोबर त्याच वेळी दादा समोर जाऊन उभा राहायचा आणि रिकाम्या लिफ्टला म्हणायचा, "छोटी, बाहेर ये."

आणि छोटी तर त्याच्या मागेच उभी असायची! अंगावर सरसरून काटा यायचा तिच्या.

"तुम्ही कशा आहात? फार घाबरलात का?" लिफ्टवाल्याने फडक्याला हात पुसत विचारलं.

"दादा बरा आहे. दुपारी जरा—"

"मी तुमचं विचारलं."

छोटी गडबडली. हा प्रश्न तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "आणि... तुम्ही कसे आहात?"

"ताई आता रात्रीची झोपते, त्यामुळे..." आणि त्याने जीभ चावली.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग एकदम हसले.

"तुमची ताईपण?"

"हो. घरात मिक्सरसुद्धा आधी सांगून लावतो आम्ही."

"तरीच म्हटलं, हा आकडे मोजणारा कारागीर कुठला! चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक."

त्यानंतर तो तीनदा आला. तारा तपासल्या, पेटी उघडली, दाराचे डोळे, म्हणजे सेन्सर, पुसले. लक्ष मात्र निम्मं तिच्या वेणीकडे, हे न कळायला छोटी काय दूधखुळी होती? पाण्याचा ग्लास देताना बोटं लागायची, आणि दोघंही उगाच छताकडे बघायची.

"सापडला का बिघाड?"

"सापडला... पण लिफ्टमध्ये नाही."

"पुरे हं!" म्हणाली खरी, पण कान लाल झाले होते.

शेवटच्या खेपेला मात्र तो हसला नाही. "आज काही सापडलं नाही तर तक्रार बंद होणार. मग मला इकडे यायला निमित्त नाही. शनिवारी... माझ्याबरोबर चहाला याल?"

"शनिवारी दादाचं..."

गेलं! सवयीने तोंडातून निघून गेलं. चार स्थळं याच वाक्यावर परत गेली होती. आई नेहमी म्हणायची, तू आहेस म्हणून मला घोर नाही. त्या एका वाक्यात छोटी कोंडली होती. ओरडून हो म्हणावंसं वाटत होतं तिला... त्याने नुसती मान हलवली आणि वजन दाखवणारा फलक सुरू केला.

चार दहा. लिफ्ट आली. दार उघडलं. आत कोणी नव्हतं. फलकावर आकडा उमटला: बावीस किलो.

"रिकामी लिफ्ट शून्य दाखवते," तो हळूच म्हणाला. "आत्ताच तपासलंय मी."

बाहेर रखरखीत ऊन, आणि आतून ओल्या रेनकोटचा वास आला. दादा पुढे झाला. "छोटी, बाहेर ये. निळं दप्तर. ये."

निळं दप्तर तिचंच होतं.

"त्या दिवशी पाऊस होता," ती पुटपुटली. "मी आठ वर्षांची. शाळेतून येताना, याच वेळी, जुनी लिफ्ट मध्येच अडकली. वर दादा किंचाळत होता. सगळे धावले आणि त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. मी हाका मारत राहिले. जिन्यावरून सगळे गेले... माझ्या शेजारून. दोन तासांनी वॉचमनने काढलं मला. घरी सगळे दादाभोवती. मग सांगितलंच नाही कोणाला. त्यांना आधीच का कमी होतं?"

"किंचाळत होता... तो कुठे उभा राहून?"

"इथेच. लिफ्टच्या दारा—"

ती थांबली. एकोणीस वर्षं तिला वाटत होतं, दादाने सगळ्यांना नेलं. तो तर सगळ्यांना बोलावत होता!

"दादा... तू माझ्यासाठी ओरडत होतास?"

"छोटी आत. दार बंद. कोणी ऐकत नाही," दादा म्हणाला, वेळ सांगावी तसा.

छोटी लिफ्टकडे वळली.

"थांबा, आधी मी जातो."

"नको. मलाच जायला हवं."

तिने आत पाऊल टाकलं. आकडा थरथरला, वर चढला, पुन्हा खाली आला आणि थांबला. चोपन्न. तिचं एकटीचं वजन. रेनकोटचा वास गेला होता. ती तिथेच खाली बसली आणि मोठ्याने, अगदी लहान मुलीसारखी रडली. "मला भीती वाटत होती! आई, मला खूप भीती वाटत होती!"

आई दुपारच्या झोपेतून उठून घरातून धडपडत आली. "काय झालं? दादाला काय झालं?"

"दादाला काही नाही झालं, आई. मला झालंय."

आई जागच्या जागी उभी राहिली. मग दुखरे गुडघे टेकत लिफ्टमध्ये तिच्याजवळ बसली. "सांग," म्हणाली. छोटीने सगळं सांगितलं. आईने एकदाही दादाकडे वळून पाहिलं नाही.

लिफ्टवाला दार धरून उभा होता. नाक लाल, डोळे सुजलेले, अशा अवतारात छोटी त्याला म्हणाली, "मला तुम्ही आवडता. तक्रार बंद करा, पण शनिवारी या. मी येणार आहे."

"मला तर पहिल्याच दिवशी..." आणि तो उगाच फडक्याने दार पुसू लागला.

"आई, शनिवारी दादाजवळ तू थांबशील?"

आईने पदराने तिचं तोंड पुसलं. त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"जा," ती म्हणाली. "आणि यायला उशीर झाला तरी चालेल."