सव्वा किलोचा स्वेटर

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आतेभावाच्या, हितेंद्रच्या बाबतीत घडलेली आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने डिलाईल रोडला त्याच्या खोलीत येऊन बसावं. चहा मिळेल. पंखा लावावा लागणार नाही.

तारीख २८ डिसेंबर २०२४. शनिवार. अमावास्या दोन दिवसांवर आलेली.

जागा अकोले तालुक्यातल्या एका धरणामागचा ओढा. तिघं मित्र रात्री तिथे खेकड्यांच्या शिकारीला गेले होते. हितेंद्र, उन्मेष आणि निमेश.

तिघं गेले. दोघं परत आले.

पण खरी सुरुवात आदल्या संध्याकाळी झाली, हितेंद्रच्या चाळीच्या गॅलरीत.

हितेंद्र एका कुरिअर ऑफिसात पार्सलांची वजनं करतो. दिवसभर वजनं करून माणसाचं जे होतं ते त्याचं झालं होतं. डोंगरात जायचं तर पाठीवर पाच किलोच्या वर ओझं नको, हा त्याचा नियम. पाच किलोच्या वर गेला तो ट्रेकर नाही, हमाल. तो टूथब्रशचा दांडा आईच्या अडकित्त्याने अर्धा कापायचा. टी-शर्टच्या मागची लेबलं उसवायचा. एकदा त्याने बिस्किटाच्या पुड्यातली मोडकी बिस्किटं काढून ठेवली होती. मोडक्यांचं वजन सारखंच असतं हे त्याला समजावता समजावता उन्मेषची बस चुकली.

तर त्या संध्याकाळी ऑफिसातला लटकता काटा गॅलरीच्या दांडीला अडकवून तो एकेकाची सॅक तोलत होता.

निमेशची सॅक भरली सहा किलो एकशे चाळीस.

"कोण मेलंय आत?" हितेंद्रने विचारलं आणि चेन उघडली.

आत एक स्वेटर होता. जाड, काळपट निळा, कोपरांवर दोन ठिकाणी रफू केलेला. निमेश वरळी कोळीवाड्यातला. त्याचे वडील हरेश्वर रात्री बोटीवर जाताना तो घालायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली होती, पण स्वेटरला अजून डिझेल आणि खाऱ्या वाऱ्याचा वास होता.

"आईने दिलाय रे," निमेश म्हणाला. "अंगातून काढू नको म्हणाली. आधी तर सोडतच नव्हती. घरात टोपलीभर चिंबोऱ्या असताना त्याच धरायला डोंगरावर कशाला, म्हणते."

"बरोबर म्हणते. पण हा सव्वा किलो आहे."

"थंडी असेल ना."

"तू वरळीचा. तुला थंडी माहीत आहे काय? मुंबईत पंखा दोनवर केला की लोक म्हणतात गारठा पडला. हे घे."

त्याने निमेशच्या हातात एक घडी ठेवली. ऑनलाइन मागवलेला चंदेरी कागद. अंगाभोवती गुंडाळला की ऊब टिकते, असं पाकिटावर लिहिलं होतं. वजन साठ ग्रॅम.

निमेशने तो उलगडून पाहिला. "काजूकतली झालो मी."

तिघंही हसले. स्वेटर गॅलरीतल्या खुर्चीवर राहिला. सॅक भरली चार किलो नऊशे पन्नास.

मुंबईच्या माणसाची ही एक गंमत आहे. पुराला तो भीत नाही ते ठीक, पूर त्याने पाहिलेला असतो. थंडीला तो भीत नाही, कारण ती त्याने पाहिलेलीच नसते.

ओढ्यावर पोचले तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. तंबू लावला. काठीला कोंबडीची आतडी बांधून पाण्यात सोडायची, खेकड्याने नांगी मारली की अलगद वर उचलायचं. काम सोपं. निमेशचा हात त्यात तयार. तासाभरात अर्धी बादली झाली.

दहाच्या सुमाराला त्याचा पाय शेवाळावरून सटकला. छातीपर्यंत पाण्यात गेला. बाहेर आला तो हसतच.

दुसरी पँट नव्हती. नियम हितेंद्रचा होता. एकच पँट, तीच अंगावर.

"तू कागद गुंडाळून बस इथे दगडाला टेकून," हितेंद्र म्हणाला. "आम्ही वरच्या डोहापर्यंत जाऊन येतो. अर्धा तास."

निमेशचे दात वाजत होते. टक टक टक टक.

"टायपिंगची परीक्षा आहे काय रे?" उन्मेष म्हणाला.

"नापास होणार," निमेश म्हणाला.

त्याने बोललेलं हे शेवटचं वाक्य. म्हणजे, जिवंतपणी.

वरच्या डोहात खेकडेच खेकडे होते. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. परत आले तेव्हा दगडाजवळ कोणी नव्हतं.

हितेंद्रने हाक मारली. "निम्या..."

अंधारातून, ओढ्याच्या बाजूने, आवाज आला.

"तुम्ही झोपा रे. आलोच."

उन्मेषनेही तो ऐकला. आजही तो शपथेवर सांगतो.

दोघंही भिजलेले, थकलेले. तंबूत शिरले आणि एका चादरीखाली आडवे झाले. हितेंद्रला झोप अशी लागली नाही. बाहेर वाराही नव्हता. रातकिडे नव्हते. पाण्याचा आवाजसुद्धा...

नव्हता.

तीनच्या सुमाराला तंबूची चेन सरकली. निमेश आत आला आणि हितेंद्रच्या शेजारी आडवा झाला.

हितेंद्रला अर्धवट झोपेत एक गोष्ट खटकली. तो चंदेरी कागद नुसतं बोट लावलं तरी फरशीवर फुटाणे सांडल्यासारखा वाजायचा. निमेश आत आला, वळला, कूस बदलली...

कागद वाजला नाही.

"थांबलं काय कुडकुडणं?" हितेंद्रने डोळे न उघडता विचारलं.

"थांबलं. आता ऊब आहे."

हितेंद्रने आपल्याकडची अर्धी चादर त्याच्या बाजूला सारली. इतकंच त्याला आठवतं.

सकाळी ती अर्धी चादर तशीच होती. सपाट. खाली कोणी झोपल्याची घडीही नव्हती.

निमेश ओढ्याकाठी सापडला, दगडापासून तीस-चाळीस पावलांवर. कागद झुडपात अडकला होता. शर्ट काढून, नीट घडी करून त्याने उशाला घेतला होता. चेहऱ्यावर काही त्रास झाल्याची खूण नव्हती.

तालुक्याच्या डॉक्टरने दोघांना खाली बसवून सांगितलं. माणूस फार गारठला की कुडकुडणं थांबतं. मग त्याला उकडायला लागतं. अंगातले कपडे तो स्वतःच काढतो.

"किती वाजता गेला?" उन्मेषने विचारलं.

"बारा वाजायच्या आत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा होता, त्यांचा पिंड दोन कावळ्यांनी मिटक्या मारत संपवला. निमेशच्या पिंडाकडे एक कावळा आला, बघितलं, आणि पाठ करून बसला.

लोक एकेक कबूल करायला लागले. निमेशचा मामा म्हणाला, बोट विकणार नाही. उन्मेष म्हणाला, क्रिकेट टीमची कॅप्टनशिप तुझीच, टॉसला तुझा फोटो नेतो. कुणीतरी म्हणालं, दर रविवारी मांदेली. कावळा ढिम्म.

निमेशची आई पुतळाबाई हात जोडून उभी होती. ती दादरला मासे विकते. बाजारात तिचा आवाज तीन गल्ल्या जातो. त्या दिवशी तो शेजारच्यालाही धड ऐकू येत नव्हता.

"एवढा लोकरीचा स्वेटर दिला मी. बापाचा. तरी गारठलं कसं माझं पोर?"

हितेंद्र तिच्या मागेच उभा होता. त्या वेळी त्याने तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य होतं. मावशी, तो मी काढला.

त्याने उघडलं नाही.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. गवताच्या कावळ्याला कोण काय विचारणार.

स्वेटर हितेंद्रने माळ्यावर, जुन्या पातेल्यांच्या मागे, पिशवीत बांधून ठेवला होता.

माळ्यावरचा आवाज फेब्रुवारीत सुरू झाला. रात्री नाही. दिवसाढवळ्या, दुपारी चारच्या पुढे.

टक टक टक टक.

"उंदीर लागलो वाटता," हितेंद्रची आई म्हणाली. तिने पिंजरा लावला. पिंजऱ्यात भजी ठेवली. भजी तीन दिवसांनी तशीच निघाली, फक्त फ्रिजमधून काढल्यासारखी थंडगार.

"उंदीर न्हय रे ह्यो," ती म्हणाली. "कोणतरी सुपारी कातरता तसो आवाज येता."

हितेंद्रला माहीत होतं ते काय वाजतंय.

एप्रिल आला. चाळीत पत्रे तापले, लोक गॅलरीत उघडे बसायला लागले. हितेंद्रच्या खोलीत मात्र आई शाल घेऊन भाजी निवडायची. शेजारच्यांनी एसी लावला की काय म्हणून चौकशी केली. एकदा चहा पिताना हितेंद्रच्या लक्षात आलं...

वाफ कपातून येत नव्हती. त्याच्या तोंडातून येत होती.

तो उठला आणि हिंदमाताच्या कपडेबाजारात गेला. स्वेटर मागितला, हलक्यात हलका.

"एप्रिलमध्ये?" दुकानदार म्हणाला. "लग्न ठरलं काय? कुलूला चाललास?"

"मित्राला पाहिजे."

"मित्र कुठे असतो?"

हितेंद्रने मागच्या खोक्यांतून शोधून एक काढायला लावला. तीनशे ग्रॅमचा. माळ्यावर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी तो खाली फरशीवर पडलेला होता, घडी न मोडता.

मग सुट्टीच्या एका दुपारी आई बाजारात गेली असताना तो शिडी लावून वर चढला. पातेली बाजूला केली. पिशवीची गाठ सोडली आणि हरेश्वरांचा तो जुना स्वेटर अंधारात पसरून धरला, लहान मुलाच्या डोक्यातून घालताना धरतात तसा.

टक टक टक टक...

"घाल ना रे," तो म्हणाला. "तुझाच आहे. चुकलं माझं. घाल."

आवाज थांबला.

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता, तोही थांबला.

मग अगदी कानाजवळून, नेहमीच्या आवाजात, जराही राग नसलेल्या आवाजात...

"नको रे. वजन होतं."

आणि दात पुन्हा वाजायला लागले.

हितेंद्र शिडीवरून कसा उतरला ते त्याला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामावर गेला नाही. स्वेटर पिशवीत घेऊन वरळी कोळीवाड्यात पुतळाबाईच्या दारात उभा राहिला. तीन वाजून गेले होते.

ती बाजारातून येऊन जेवायला बसली होती. समोर दुसरं ताट होतं, भात आणि बोंबलाचं कालवण वाढलेलं. पाटावर कोणी नव्हतं.

"काय रं हितू, जेवलास? बस."

"मावशी, मला एक सांगायचंय."

"जेवताना सांग."

तो जेवला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काटा, सॅक, सव्वा किलो, चंदेरी कागद. पिशवी तिच्या समोर ठेवली. ती ओरडेल, पायातली चप्पल काढेल, अख्खा पाडा गोळा करेल, या सगळ्याची त्याने तयारी केली होती. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

पुतळाबाईने पिशवीत हात घालून लोकर चाचपली. नाकाला लावली. परत आत ठेवली.

"म्हाईत हाय मला."

"कसं?"

"येतो ना तो. जेवायच्या टायमाला. आताच गेला उठून, तू यायच्या आधी." तिने दुसऱ्या ताटाकडे पाहिलं. "दहाव्यानंतर आला त्या पहिल्या दिवशीच सांगितलंन. आई, स्वेटर मीच काढला, लय उकडत व्हतं. हितू घाल घाल करत व्हता, मीच ऐकलं नाय. हितूला काय बोलू नको."

हितेंद्र भिंतीला टेकला.

"पोर खोटं बोलतंय ते आईला कळत नाय व्हय? लहान असताना पण असाच बोलायचा. खाली बघून." ती थोडा वेळ भात कालवत राहिली. "मी म्हणते, बरं बाबा. मला पटलं असं दाखवते."

"पण मावशी, आता मी खरं सांगितलंय. तुम्ही त्याला सांगा ना, की मी..."

"नको." पहिल्यांदाच तिचा आवाज बाजारातल्यासारखा लागला. "मला खरं कळलं हे त्याला समजलं तर तोंड लपवील तो. यायचा बंद होईल. ही पिशवी तू घेऊन जा. आणि हे परत कुणापाशी बोलू नको."

हितेंद्रने पिशवी उचलली. दाराशी जाऊन थांबला.

"मावशी... तो कुडकुडतो का हो इथे?"

"छे रं. मस्त असतो. म्हणतो, आई, तिथं लय ऊब हाय, काळजी करू नको." ती हसली. इतक्या महिन्यांत तो तिला पहिल्यांदा हसताना पाहत होता. "घाम पुसत बसतो माझ्यासमोर."

हितेंद्रने माळ्याबद्दल तिला काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. उन्मेष म्हणतो शांती करून घे. हितेंद्रची आई म्हणते खोली बदलूया. काय आहे, कोण आहे, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही.

हितेंद्रने फक्त एक हिशेब केला आहे, आणि तो मलाही सुखाने झोपू देत नाही. निमेश आईकडून तीनच्या सुमाराला उठतो. वरळी कोळीवाड्यातून डिलाईल रोडला चालत यायला तासभर लागतो.

तिथपर्यंत तो कुडकुडणं कसंबसं दाबून धरत असणार.

हितेंद्रने ऑफिसात सकाळची पाळी मागून घेतली आहे. चारच्या आत तो घरी पोचतो. काही करत नाही. माळ्याखाली शाल पांघरून बसून राहतो, आवाज थांबेपर्यंत.