साच्यातली भुलाबाई

धाड गावच्या आठवडी बाजारात त्या दिवशी पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. पुष्पांजली ओढणी डोक्यावर घेऊन मूर्तींच्या दुकानापुढं उभी राहिली. दुकान कसलं, चार बांबूंवर ताडपत्री आणि खाली ओळीनं मांडलेल्या भुलाबाई, पार्वतीच्या मूर्ती. शेजारी भुलोजी, मांडीवर गणपती, आणि सगळ्यांचे गाल सारखेच गुलाबी.

"ओ मॅडम, मूर्ती घ्यायची हाये का नुसती पाहनी?" ताडपत्रीखालून आवाज आला.

"पाहून राह्यली. हे डोये कोनी काढले?"

"मीच. काऊन?"

"सगळ्या दचकल्यावानी दिसून राह्यल्या."

आजूबाजूच्या दोन बाया फिस्सकन हसल्या. दुकानदार हर्षल. वय सव्वीस-सत्तावीस, कानामागं ब्रश आणि नाकावर निळ्या रंगाचा ठिपका. त्यानं खरं तर चिडायला हवं होतं. पण त्यानं एक बिनडोळ्यांची मूर्ती आणि काळ्या रंगाची वाटी तिच्यापुढं सरकवली.

"मग काढा तुम्ही. बोलाचीच कढी नको."

तिनं ब्रश घेतला खरा, पण लगेच टेकवला नाही. तिच्यासाठी भुलाबाई म्हणजे आई, विमलबाई. भाद्रपदाची पुनव जवळ आली की विमलबाई नाल्याकाठची माती आणायची, तिच्यात कापूस कुटायची आणि स्वतःच्या हातानं भुलाबाई घडवायची. महिनाभर संध्याकाळी गल्लीतल्या पोरी तिच्यापुढं टिपऱ्या खेळायच्या, गाणी म्हणायच्या आणि डब्यातला खाऊ ओळखायच्या. आई गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात ना माती आली, ना गाणी. यंदा आत्यानं, कौशल्याबाईनं, हट्ट धरला, "लेकीचं घर हाये, भुलाबाई बसल्याबिगर कसं? इकत आन, पन आन."

पुष्पांजलीनं श्वास रोखून दोन डोळे काढले, जरासे खाली झुकलेले. हर्षल बराच वेळ त्या मूर्तीकडं पाहत राहिला, आणि मग तिच्याकडं… जरा जास्तच वेळ.

"नाव काय तुमचं?"

"पुष्पांजली."

"बापा! एवढ्या लंब्या नावानं हाक मारेपर्यंत बस निघून जाईन. मी अंजू म्हनीन."

"अन् मी ओ देईन कायवरून?"

"देशीन. आज नाही त उद्या."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. पुढच्या बाजाराला घरात मीठ भरपूर असताना ती मीठ आणायला गेली. आत्यानं मिठाचा डबा उघडून पाहिला, झाकला, आणि शहाण्या बाईसारखी गप्प बसली.

हर्षलच्या घरी तीन पिढ्या मूर्तींचं काम. आजोबा उकंडराव हातानं मूर्ती घडवत. बापाच्या काळात साचे आले, प्लास्टर आलं, आणि हर्षलच्या वाट्याला साचाच आला.

"आजा रोज पाहाटी एक मूठ माती घेये," त्यानं एकदा तिला सांगितलं. "मनात येईन ते करे, अन् मोडून टाके. म्हने, इकायची माती येगळी अन् देवाची येगळी. हेच माहं भजन."

"अन् तू करतं का?"

"मी?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "तू करून पाह्य. तुह्या हातात हाये ते."

तिनं करून पाहिलं. पहाटे गोठ्यामागं बसून एक मूठ माती. पहिली चिमणी केली ती वांग्यासारखी झाली. तिनं फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, 'वांगं मस्त आलं. देठ कुठं हाये?' ती एकटीच खिदळली. त्या घरात दोन वर्षांनी कुणीतरी हसलं होतं.

पण खरी गोष्ट हसण्याची नव्हती. आई गेल्यापासून छातीवर एक धोंडा होता. देवापुढं दिवा लावून, उपास धरून तो हलला नव्हता. हात मातीत गेला की मात्र मन गप्प व्हायचं. कुणी तरी जवळ बसलंय असं वाटायचं. आई असेल, देव असेल… तिनं कधी विचारलं नाही. एवढंच कळलं होतं, की आता याच्यावाचून आपल्याला जगता येणार नाही. आणि हे ज्यानं हाती दिलं, त्याच्यावाचूनही.

"तुहे हात एवढे गार कसे?" एकदा ब्रश देता देता त्यानं विचारलं, आणि हात सोडलाच नाही.

"मातीचे हायेत."

"मग जपून धरा लागन."

असं वर्ष सरलं. पुन्हा भाद्रपद आला. या वेळी तिनं भुलाबाई स्वतः घडवायला घेतली. तीन दिवस ती जेवायलाही धड उठली नाही. चौथ्या दिवशी आत्या चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच धरून मूर्तीसमोर टेकली.

"वहिनी…" एवढंच म्हणाली.

तेव्हा कुठं पुष्पांजलीनं नीट पाहिलं. तेच किंचित मोठं नाक, हसू दाबलेले तेच ओठ. मातीतून आई पाहत होती. वडील शालिग्राम शेतातून आले, दारातच थबकले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कितीतरी वेळ ती हातात धरून उभे राहिले. बायको गेल्यावर हा माणूस रडला नव्हता. त्या दिवशी रडला.

हर्षल पाहायला आला. जाताना म्हणाला, "दोन दिवस देतं का? माह्या हातानं रंगवून आनतो." तिनं तळहातावरच्या फोडासारखी जपलेली मूर्ती त्याच्या हाती दिली. त्यानं तितक्याच निगुतीनं रंगवून परत आणली. साडीला तिनं सांगितलेला, आईच्या आवडीचा डाळिंबी रंग होता.

त्याच रात्री जेवताना आत्यानं भावाच्या कानावर हर्षलची गोष्ट घातली. शालिग्राम ताटातच पाहत म्हणाले, "पोरगं चांगलं हाये. बोलवा त्याले घरी."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पुष्पांजली जीपमध्ये खिडकीशी बसून वाक्यं जुळवत होती. 'बाबानं बोलावलं हाये' म्हणावं, की नुसतं 'कधी येतं घरी?' स्टँडपासून ती जवळजवळ पळतच गेली.

ताडपत्रीखाली आई बसली होती.

एक नाही. ओळीच्या ओळी. तेच नाक, तेच ओठ, तीच झुकलेली नजर. कुणाची साडी पिवळी, कुणाची हिरवी, कुणाच्या गालावर ओघळलेला गुलाबी रंग. एका बाईनं त्यातली एक उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"नाक मोठंच हाये हिचं. कमी करा काही."

हर्षलनं पुष्पांजलीला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अंजू! पाह्य, तुले सांगितलंच नव्हतं! साचा काढला मी तिचा. आता तुही भुलाबाई घरोघर जाईन!"

त्याला खरंच वाटत होतं, की ती आनंदानं वेडी होईल. मूर्तिकाराच्या घरात याहून मोठा मान नसतो. ज्याचा साचा निघतो, त्याचं नाव राहतं.

"हर्षल… माय हाये ती माही."

आपण काय करून बसलो ते तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आणि चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्यानं मागं जाऊन साचा आणला आणि तिच्यासमोर दगडावर आपटून फोडला. पण निम्म्या मूर्ती सकाळीच आसपासच्या गावांत गेल्या होत्या. वडिलांचा निरोप न देताच ती परतली.

आत्या म्हणाली, "एवढ्याशावरून कोनी सोयरीक मोडते का? साचाच त काढला, कोनाचा गळा त नाही कापला."

आत्याचंही खोटं नव्हतं. पुष्पांजलीचा राग आठ दिवसांतच ओसरला. प्रेम मात्र ओसरलं नाही. आणि तिथंच पंचाईत झाली.

कोजागिरीच्या दुपारी तिनं त्याला स्टँडमागच्या कडुलिंबाखाली बोलावलं. त्याचा चेहरा बराच उतरला होता.

"माफ केलं का?"

"हाव. कधीचंच."

"मग बाबाले भेटाले येऊ?"

उत्तराची वाट न पाहता तोच पुढं म्हणाला, "एक सांगायचं हाये. मी तुले खुश कराले साचा काढला, हे खरं हाये. पन पुरं खरं नाही. तुही मूर्ती पाह्यली, अन् मी जळलो, अंजू. आजाचं होतं ते माह्या हातात आलंच नाही. म्हनलं, साचा काढला त थोडी माहीही होईन…"

तिनं त्याचा हात धरला. आज त्याचेच हात गार होते.

"महिना झाला, रोज पाहाटी बसते मी," ती म्हणाली. "मूठभर माती घेते. आधी मन गप्प होये. आता पयले तूच दिसतं. हर्षलले आवडन का, तो काय म्हनन, याचा साचा निघन का… माय येत नाही, देव येत नाही. तूच येतं."

"याले प्रेम म्हनतेत ना."

"प्रेमच हाये. म्हनूनच त माती बोलेनाशी झाली."

"मी धंदा सोडतो."

"सोडशीन. अन् मग रोज माह्या हाताकडे पाहत बसशीन. मी तुह्यासाठीच घडवीन. तुले दाखवासाठी." तिनं त्याचा हात सोडला. "हे तूच मले देल्लं. आता तुह्याचपासून वाचवा लागून राह्यलं."

"फोटो तरी धाडशीन?"

तिनं मान हलवली. नाही.

तो थांब म्हणाला नाही. म्हणाला असता तर ती थांबली असती, हे त्यालाही ठाऊक होतं. जीप आली, त्यानं दार उघडून धरलं आणि ती बसल्यावर हळूच लावलं. गाव येईपर्यंत पुष्पांजली ओढणीत तोंड घालून रडली. शेजारच्या म्हातारीनं काही न विचारता पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर तोंडही न धुता ती गोठ्यामागं जाऊन बसली. आत भुलाबाईपुढं पोरींची यंदाची शेवटची गाणी चालली होती. तिनं मूठभर माती घेतली. बराच वेळ काही झालं नाही. मग बोटं आपोआप चालायला लागली. गाणी ऐकू येईनाशी झाली, रडू कधी थांबलं ते कळलं नाही, आणि महिन्याभरानं ते कुणी तरी पुन्हा जवळ येऊन बसलं. उजेड गेला तेव्हा तिनं हात थांबवले आणि समोर पाहिलं.

आजवर तिच्या हातून इतकं सुंदर काही झालं नव्हतं. ते कुणाला तरी दाखवावं म्हणून तिचा जीव तुटला. दाखवावंसं वाटलं ते एकालाच.

तिनं ते उचललं, दोन्ही हातांनी मोडलं, आणि मातीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून उद्यासाठी ठेवला.