टाकीची शिडी

बन्सीधर टाकीतलं पाणी बघायला निघाला तेव्हा दिवेलागण होत होती. पिंगळीच्या शिवारावर पश्चिमेला अजून तांबडं होतं. गोठ्यामागच्या उंच टाकीला त्यानं शिडी लावली. पाय ठेवायच्या आधीच वरची पायरी कुरकुरली.

मग तिच्याखालची. दिसत कुणीच नव्हतं. हाताला मात्र भार कळत होता. खडूचा वास आला.

धाकट्या भावाला, चंद्रभानला, जाऊन महिना झाला होता. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. बुधाकडे निघालेल्या बिनमाणसाच्या यानाचं त्याला वेड. "दादा, सूर्य लय वढतो त्याला. एकदम थांबता येत न्हाई. सहा येळा बुधाजवळून गेलं, येग आवरला. आता जाऊन टिकंल." बुध दिसणार वर्षातले मोजके दिवस, मावळतीला, घटकाभर. तेवढ्यासाठी तो टाकीवर चढायचा. ऐन धारांच्या वेळी.

"म्हशी तुझा बुध पिळंल का?" बन्सीधर म्हणाला होता. त्या सांजेला रागानं त्यानं शिडीच काढून गोठ्यात नेली. बसू दे जेवणापर्यंत. चंद्रभानला खबर नव्हती. सवयीनं, खाली न बघता, त्यानं पाय सोडला.

लोक यायच्या आत बन्सीधरनं शिडी जागेवर लावली. पाय घसरला, गाव म्हणालं. त्यानंही मान हलवली.

आता तो रोज सांजेला शिडी धरून उभा राहू लागला. तेवढंच आपल्या हातात, असं त्याला वाटे. भार उतरे, छातीशी येई, निघून जाई. पाच सांजा अशाच गेल्या. सहाव्या सांजेला भार शेवटच्या पायरीवर आला आणि गेला नाही. तिथंच थांबला.

बन्सीधर शिडी सोडून घरात आला. पार्वतीबाई चुलीपुढं होती.

"शिडी... मीच काढली होती," तो म्हणाला.

बायकोनं भाकरी उलथली. "ठावं हाय. तुमी कधी बोलताव, वाट बघायलते मी."

"कुणी सांगितलं?"

"भावजींनी. सहा दिस झाले. तुमी तिकडं गेलाव की हितं येऊन बसतेत, चुलीपाशी." तिनं आवाज खाली आणला. "म्हनतेत, वहिनी, दादाला सांगा, शिडी धरू नगा. मी तिकडं न्हाई..."

बाहेर शेवटची पायरी कुरकुरली. मग अंगणातल्या मातीवर पाऊल वाजलं.